गोऱ्या सायबाची यादी

जुना जालना,
दि. १८ जानेवारी २०२६, रविवार

प्रिय मित्र राजानंद यास,
बद्रीनाथचा सप्रेम जय भीम.

तुझी तुरीची डाळ परवा पोचली. टेम्पोवाल्यानं पिशवी दारात ठेवली, "परतूरच्या राजाभाऊनं पाठवली" म्हणला आन् निघून गेला, चहालाबी थांबला न्हाई. गिरिजानं लगेच मूठभर शिजवून पाहिली. एका उकळीत मऊ झाली. दुकानातली डाळ कितीबी शिजवा, डोळे वटारून पाहत बसती. वहिनींनी आठवणीनं कडुलिंबाचा पाला घालून दिल्ता, त्याबद्दल सुमेधावहिनींना माझा आन् गिरिजाचा नमस्कार सांग. नऊ वर्षं झाली, तुझी पिशवी एकाबी साली चुकली न्हाई. लई आभार.

इकडं सगळं ठीक हाय. माझी साखर जरा वर गेलीय, गिरिजाचे गुडघे तिच्यापेक्षा जास्त बोलून राह्यलेत. बबलू बरा हाय, अजून आपल्या सळ्यांच्या मिलमधीच हाय. त्याचं पुढं लिहितो.

पत्र पाहून तू म्हणशील, बद्रीला काय झालं, फोन असताना कागद कशाला? तर फोन मी तीन वेळा लावल्ता, दिवाळीपासून. तू "बोल बद्री" म्हणलास की मी पाऊसपाणी, तब्येत, कापसाचा भाव विचारायचो आन् ठेवून द्यायचो. तिसऱ्या वेळी तूच म्हणलास, "अरे, हवामान खात्यात लागलास का काय?" तवा ठरवलं की लिहावं. कागद मधीच हॅलो म्हणत न्हाई. चार कागद फाडले, हा पाचवा हाय.

मी आन् गिरिजा आमच्या पोरीकडं, भावनाकडं, इंग्लंडला जाऊन आलो ते तुला माहीत हाय. कसं होतं ते बराबर सांगितलं न्हाई. आता सांगतो, कारण भट्टीचं बोलणं भट्टीवाल्यालाच कळतं. इकडं लोकांना सांगतो तर ते विचारतात, "राणीचा वाडा पाहिला का?"

भावना जिथं नोकरी करती ते गाव समुद्रकाठी हाय. एक डोंगर, एक समुद्र आन् दोन्हीच्या मधी कारखाना. कारखाना म्हणजे किती? आपल्या जालना स्टेशनावरून निघावं आन् एमआयडीसीच्या शेवटच्या गेटापर्यंत चालत जावं, तरी संपत न्हाई. शंभर वर्षांहून जास्त जुना. आन् ती भट्टी! राजा, आपली भट्टी तिच्यापुढं चहाचं पातेलं रे. आपण भंगार वितळवून सळ्या ओढायचो. ते लोक लाल मातीच्या खड्यातून लोखंड काढतात, पार मुळापासून. एकदा पेटवली की पंधरा-पंधरा वर्षं इझवत न्हाईत. रस्त्यावर उभं राहिलं की तळपायाला तिचा आवाज लागायचा. मला पहिल्यांदा तो आवाज लागला ना, तवा बायकोपोरीसमोर डोळ्यांत पाणी आलं. भावना म्हणली, "पप्पा, थंडी वाजते का?" मी म्हणलं, हो.

आन् आता गंमत ऐक. हा एवढा गोऱ्यांचा कारखाना, ज्याच्या लोखंडावर त्यांनी जगभर आगगाड्या पळवल्या, तो आपल्या देशातल्या कंपनीच्या ताब्यात हाय. भावनाला नोकरी लागली तवा मी जुन्या जालन्यात पेढे वाटले ते याच्यासाठीच. सराफ्यापासून कापडलाइनपर्यंत सांगत फिरलो, "पाहा, ते आपले मालक होते, आता आपण त्यांचे!" तिथं गेल्यावरबी हेच चाललं. दुकानात, बसमधी, कुणी "इंडिया?" विचारलं की मी छाती फुगवून कारखान्याकडं बोट करायचो. भावना माझा हात खाली करायची. "पप्पा, बाहेर असं करत जाऊ नका." मला वाटलं पोरगी लाजून राह्यली.

लाजत नव्हती. ती मोठी भट्टी बंद होणार होती. लई वर्षांपासून तोटा होता म्हणे, शिवाय धूर. तिच्या जागी इजेवरची भट्टी येणार, भंगार वितळवणारी, म्हणजे आपल्यासारखीच! मी तर हरखलोच. म्हणलं, बघ, आखिर जालन्याचीच रीत घ्यावी लागली तुम्हाला. पण तसल्या भट्टीला माणसं कमी लागतात हे तुला-मला कुणी सांगायची गरज हाय का? हजारो माणसं घरी बसणार होती. आन् कोण राहणार, कोण जाणार, या कामाला जी टोळी लावल्ती तिच्यात भावना होती. हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

तिच्या शेजारी एक माणूस राहतो, ग्लिन नावाचा. माझ्याच वयाचा, बायको वारलेली, अडतीस वर्षं त्या भट्टीवर. मला इंग्रजी येत न्हाई, त्याला मराठी. पहिल्याच दिवशी कुंपणापाशी उभे होतो, त्यानं बाही वर केली आन् कोपराखालचा भाजल्याचा डाग दाखवला. मी माझं मनगट दाखवलं. झाली ओळख. मंग रोज सकाळी तो कुंपणावरून टमाटे द्यायचा, मी त्याला भाकर द्यायचो. एकदा गिरिजाचा ठेचा दिला. त्यानं जॅमसारखा पावावर थापून खाल्ला, मंग नळाला तोंड लावून उभा राहिला, पण दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन परत हजर! भावनालाबी त्यानं पोरीसारखं सांभाळलं रे. पहिल्या हिवाळ्यात तिला न्युमोनिया झाल्ता, आपल्याला तिनं कळवलंच न्हाई, तवा हा माणूस रोज सूप घेऊन जायचा. त्याचे उपकार माझ्यावर जन्मभराचे हायेत. मला तुझी आठवण यायची. डाग तर त्याच जागी हाय, जिथं तुझा हाय.

तो डाग तुला कसा पडला हे मी इसरलो न्हाई. भंगारात बंद सिलिंडर आल्तं, ते कुणी न पाहता भट्टीत गेलं आन् फुटलं, मी भट्टीच्या तोंडाशी वाकून उभा. तू कॉलर धरून मला मागं फेकलं आन् उडालेलं लोखंड तुझ्या हातावर घेतलं. दवाखान्यात गिरिजा तुझ्या पाया पडायला लागली तर तू ओरडलास, "वहिनी, याचं वजन कमी करा, मला ओढताना कंबर गेली." भावना तवा तिसरीत होती. तुझ्यामुळं तिला बाप राहिला. हे मी तुला तोंडावर कधीच म्हणलं न्हाई, आज म्हणतो.

बरं, पुढं. भट्टी बंद व्हायचा दिवस आला तो नेमका आपल्या खंडेनवमीचा. योगायोगच, त्यांना काय माहीत खंडेनवमी. घरच्या लोकांना गेटापर्यंत यायला परवानगी होती. मला वाटलं, अरे, आपली रीतच हाय ही. जिच्यावर पोट चाललं तिला या दिवशी हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, चुकलंमाकलं माफ कर म्हणायचं. मिलमधी आपण दरसाल करायचो. तू हात जोडत नव्हतास, तू म्हणायचास, "मला पूजा जमत न्हाई, मी तिला पुसून काढतो, माझं तेवढंच." आन् भट्टीच्या बटनांच्या अख्ख्या पॅनलवरून फडकं मारायचास. मी गिरिजाच्या पेटीतलं हळदकुंकू घेतलं, इंडियन दुकानातून नारळ आणला, झेंडू मिळंना म्हणून पिवळी फुलं घेतली आन् सगळं कोटाच्या खिशात घालून निघालो. भावनाला बोललो न्हाई. म्हणलं खूश होईल.

गेटावर चार-पाचशे माणसं असतील. म्हातारे, बाया, कडेवर लेकरं. कुणी बोलून राह्यलं नव्हतं. मला वाटलं, शिस्तीचे लोक हायेत. मंग भोंगा वाजला, लांबलचक. आन् तळपायाखालचा आवाज हळूहळू गेला. मी पुढं झालो, गेटाच्या खांबाला पाच बोटं कुंकवाची ओढली, फुलं वाहिली आन् पायरीवर नारळ हाणला.

राजा, त्या शांततेत तो आवाज असा झाला की सगळी माणसं वळली. मी हात जोडून उभा. एक बाई रडत काहीतरी ओरडली. कुणीतरी फोन काढून फोटो घेतला. भावनाचा चेहरा पांढराफटक. आन् त्या गर्दीत ग्लिन होता, शेवटची पाळी संपवून नुकताच बाहेर आल्ता. भावनानं मागून सांगितलं, तो शेवटचा तास झाडू मारत होता म्हणे, जी भट्टी परत पेटणार न्हाई तिच्यापुढची फरशी झाडत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, कुंकवाकडं पाहिलं आन् मान खाली घालून निघून गेला.

घरी आल्यावर भावना माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडली. "पप्पा, त्यांना वाटलं मालकांच्या माणसानं शुभारंभ केला! त्यांच्या घरात मयत आणि आपण दारात नारळ फोडला!" मी म्हणलं, अगं मी आभार मानत होतो. ती म्हणली, "मला कळतंय हो. त्यांना कसं कळणार?" त्या दिवशी मी जेवलो न्हाई. दुसऱ्या दिवशी दसरा होता, तोबी तसाच गेला. कुंपणापलीकडं पडदे लावलेले. टमाट्याची वाटी न्हाई का काही न्हाई. पाच दिवस.

सहाव्या दिवशी मी भावनाला म्हणलं, मला घेऊन चल, मी माफी मागतो, तू इंग्रजीत सांग. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मंग कोट घातला.

ग्लिननं दार उघडलं. आत घेतलं, चहा केला. मी बोललो, भावनानं सांगितलं. नारळ आम्ही आनंदाचा फोडत न्हाई, जिनं जेवू घातलं तिचे उपकार म्हणून फोडतो, माझं चुकलं. त्यानं सगळं ऐकलं. मंग म्हणला, नारळाचं काही न्हाई. मला राग त्या तुमच्या देशातल्या मालकाचा हाय. अडतीस वर्षं काम केलं आन् त्यानं माझं नाव यादीत टाकलं. त्याला मी पाहिलं न्हाई, त्यानं मला पाहिलं न्हाई. रोज सकाळी उठून मी त्याला शिव्या देतो.

एवढं भावनानं मला मराठीत सांगितलं आन् ती थांबली. मंग ती त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागली. मी म्हणलं, काय म्हणतीस? तिनं माझ्याकडं पाहिलंबी न्हाई. मला त्यातलं "युवर नेम" कळलं आन् "आय" म्हणजे मी, एवढं कळलं. तिचा आवाज सरळ होता.

मागून तिनं सांगितलं, ती त्याला म्हणली होती, मालकानं फक्त आकडा दिला. तुमचं नाव मी लिहिलं. तुमचं वय, तुमचा गुडघा आन् नवीन यंत्राचं प्रशिक्षण, हे पाहून मीच लिहिलं. तुमचं सूप पिलेली मी.

ग्लिन उठला. मागच्या अंगणात गेला, टमाट्याच्या वाळलेल्या झाडांपाशी पाठ करून उभा राहिला. मला वाटलं आता हा माणूस आपल्याला हाकलून देणार. परत आला, गार झालेला चहा ओतून दिला आन् दुसरा टाकला. कप ठेवताना तो भावनाला एकच वाक्य बोलला. तिनं घरी येताना मला सांगितलं. तो म्हणला, "आता निदान राग कुणावर धरायचा ते तरी माहीत झालं."

त्यानं तिला माफ केलं असं समजू नको. अजून तिच्याशी नीट हसत न्हाई म्हणे. पण पडदे उघडले. मी निघालो तवा माझी बॅग गाडीत त्यानंच ठेवली आन् माझा हात दोन्ही हातांत धरला. भावनाला नुसती मान हलवली. ती म्हणती, तेवढी बास हाय मला.

आता ज्याच्यासाठी पाच कागद लागले ते लिहितो. गिरिजा आत भाकरी थापून राह्यलीय. तिला काल सांगितलं. ती एवढंच म्हणली, "आधी राजाभाऊजींना लिहा, मंग माझ्याशी बोला." सकाळपासून ताट पुढं सारती आन् आत जाती. तिचं बराबर हाय.

ग्लिनच्या घरून परत येताना भावनानं मला विचारलं, "पप्पा, राजाकाकांचं नाव कुणी टाकलं होतं?"

मी म्हणलं, "गोऱ्या सायबानं."

राजा, त्या दिवशी, त्या पोरीचं ते धाडस डोळ्यांनी पाहून, दहा मिनिटांच्या आत मी तिला खोटं बोललो. नऊ वर्षं सांगत आलोय ते तोंडातून आपोआप निघालं.

दोन हजार सोळा साली आपली मिल त्या बाहेरदेशच्या कंपनीनं घेतली. तो गोरा सायब दोन दिवस आल्ता, पांढरं हेल्मेट घालून, आठवतो ना? तू त्याची चाल काढून दाखवायचास. आपण सगळ्यांनी त्याला पोटभर शिव्या दिल्या. हे बाहेरचे लोक, यांना आपल्या माणसांची काय किंमत, दीडशे वर्षं लुटलं आन् आता परत आले. सगळ्यांत मोठ्या आवाजात मी बोलायचो.

मी भट्टीचा मुकादम, म्हणून त्या सायबानं मला कँटीनमधी बोलावल्तं. मॅनेजर मधी बसून त्याचं मराठी करून सांगत होता. सायब म्हणला, मी या माणसांना ओळखत न्हाई, तुम्ही ओळखता. तुमच्या सोळा जणांतले आठ मला हवेत. कोणते, ते तुम्ही लिहून द्या. आन् एक कोरा कागद पुढं सारला. बस्स. त्यानं एकाचंबी नाव घेतलं न्हाई. त्याला तर नावं उच्चारताबी येत नव्हती.

आठ राहणारे एका बाजूला, आठ जाणारे दुसऱ्या बाजूला, असा कागद होता. मी पहिलं माझं नाव लिहिलं, राहणाऱ्यांत. दुसरं तुझं लिहिलं. खरं सांगतो, दुसरं तुझंच लिहिल्तं. आठ नावं भरली तर बबलू बाहेर उरला. आमच्या भावकीतला, चुलत्याचा नातू. त्याला वर तरंगणारा मळ, स्लॅग, कोणती आन् खालचं लोखंड कोणतं हेबी अजून कळत नव्हतं. पण मी गावी हसनाबादला गेलो की दारात कोण उभं राहणार, लग्नात कोण बोलावणार, चुलता काय म्हणेल, हे सगळं त्या पाच मिनिटांत माझ्या डोक्यात आलं. बाकीच्या सहांत कुणाला काढू? प्रत्येकाच्या मागं कुणीतरी होतं, माझ्या गावचं, माझ्या नात्याचं. तुझ्या मागं फक्त मी होतो. म्हणून तुझं नाव काढणं सोपं होतं. तुझ्यासाठी माझ्या दारात येऊन भांडणारं कुणीच नव्हतं.

मी तुझ्या नावावर रेघ मारली आन् दुसऱ्या बाजूला लिहिलं. बबलूला वर घेतलं. मॅनेजरनं भुवई वर केली. त्याला माहीत होतं तू रंग पाहून भट्टीचं तापमान सांगायचास, यंत्राच्या आधी. तो म्हणला, "राजानंदला काढता?" मी म्हणलं, त्याची नजर कमी झालीय, भट्टीच्या उजेडानं. राजा, तुझी नजर बिलकुल कमी झाली नव्हती. मी खोटं बोललो. जात पाहून काढलं का? मी स्वतःला लई वर्षं सांगितलं की न्हाई, मी त्याच्या घरी जेवलोय, त्याच्या ताटात जेवलोय. पण माझे ते माझे आन् तू त्याच्या बाहेरचा, हे मी त्या कागदावर लिहिलंच ना? त्याला दुसरं काय नाव द्यायचं ते मला सापडत न्हाई.

दुसऱ्या दिवशी यादी टाइप होऊन गेटावर लागली, खाली सायबाची सही. आपण दोघं सोबत गेल्तो. तू तुझं नाव वाचलंस. मी सायबाच्या आईबहिणीवरून बोललो, इतकं की वॉचमन आत पळाला. आन् तू काय केलंस? तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आन् म्हणलास, "जाऊ दे बद्री. बरं झालं तू राहिलास. भावनाचं शिक्षण हाय." माझी समजूत तू काढलीस. तुझं नाव खोडलेला हात माझ्या खिशात होता आन् तू माझी समजूत काढून राह्यला होतास.

त्याच्यानंतर मी तुझ्याकडं आलो न्हाई. तुला वाटलं असेल बद्रीला मस्ती आली. न्हाई रे. मला तुझ्या घरचं पाणी पिता येत नव्हतं. आन् तू दर जानेवारीत डाळ पाठवून राह्यलास. मी फोनवर "आभार, आभार" म्हणायचो. ते आभार खोटे होते, राजा. ज्याचं आपण काढून घेतलं त्याला काढून घेतलं हे न सांगता आभार मानायचे, हे कसले आभार? म्हणून आधी हे लिहिलं. आता आभार लिहितो, आता ते खरे हायेत.

मला मागं ओढलंस, त्याचे आभार. भावना दहावीत असताना तू तिला निळा चष्मा लावून भट्टी दाखवलीस आन् म्हणलास, "पोरी, नारंगी झालं की थांब, पांढरं झालं की बोल." ती तिथंच ठरवून आल्ती की हेच शिकायचं. तिला इंजिनियर मी केलं असं लोक म्हणतात. तिला तू केलंस, आन् तिच्या शिक्षणाचा खर्चा ज्या खुर्चीवर बसून मी भागवला त्या खुर्चीवरबी खरा हक्क तुझा होता. मालक लांबच्या देशातला असला की आपल्याला लई सोपं जातं. सगळं त्याच्या अंगावर टाकता येतं आन् तो कधी उत्तर द्यायला येत न्हाई. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या मागं लपलो.

भावनाला काल फोन करून खरं सांगितलं. ती रडली. मंग म्हणली, "पप्पा, फोनवर सांगू नका काकांना. पत्र लिहा आणि मग दारात जा. त्यांच्यासमोर उभे राहा, ते जे म्हणतील ते ऐका." पोरगी माझी, पण अक्कल तुझ्याकडून घेतलीय.

तर हे पत्र उद्या पोस्टात टाकतो. पुढच्या रविवारी, पंचवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं मी परतूरला उतरतो. स्टेशनवर येऊ नको, मी घरापर्यंत चालत येईन. मी माफी मागायला येतो, पण तू ती द्यावीस म्हणून येत न्हाई. त्या ग्लिनला जसं कळलं तसं तुला कळावं, एवढंच. दार उघडायचं असलं तर उघड. न्हाई उघडलंस तर मी येळभर बाहेर उभा राहीन आन् संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन, तरीबी मी तुझा ऋणीच राहीन.

आन् एक मागणं हाय. त्या सायबाचं नाव तुझ्या शिव्यांतून काढून टाक. त्या बिचाऱ्याचं तुझ्याशी काहीच नव्हतं. त्याच्या जागी माझं घाल, ते तुला पाठ हाय.

वहिनींना काय सांगायचं ते तू ठरव.

तुझं नाव ज्यानं स्वतःच्या अक्षरात खोडलं, तो
बद्रीनाथ